न्यायकल्पना, नांदेड–लातूर परिसरातील

मराठवाड्याच्या पूर्व व दक्षिण भागांत, म्हणजे सांप्रतच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांत, न्यायाविषयीच्या कल्पना धर्म, राजसत्ता आणि लोकव्यवहार यांच्या संबंधांतून कशा घडत गेल्या, याचा ऐतिहासिक आढावा. नांदेड गोदावरीच्या काठी, तर लातूर मांजरा नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. हे दोन्ही प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याचे उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत होते.

संस्कृत शास्त्रपरंपरेत न्याय हे एका दर्शनाचे नाव असून, ‘काकतालीय न्याया’सारख्या प्रयोगांत ते लौकिक दृष्टांताचेही नाव आहे. वादाचा निर्णय करण्याच्या प्रक्रियेला धर्मशास्त्रात व्यवहार अशी संज्ञा आहे. लोकभाषेने मात्र वेगळे शब्द पसंत केले. धान्य निवडावे तसे खरेखोटे वेगळे करणे म्हणजे निवाडा. कौल हा मूळचा अरबी शब्द. देवापुढे लावून मिळविलेले उत्तर त्याने सूचित होते, त्याचप्रमाणे सरकारने रयतेला दिलेले अभयवचनही. दाद या फार्सी शब्दाचा मूळ अर्थच न्याय. मराठीत ‘दाद मागणे’, ‘दाद लागणे’, ‘दाद न देणे’ या प्रयोगांत तो गाऱ्हाणे ऐकले जाण्याशी कायमचा बांधला गेला. (गायकाला श्रोते जी दाद देतात, तीही हीच, हे सहसा ध्यानात येत नाही.) हा तिसरा शब्द या प्रदेशाच्या इतिहासाला विशेष लागू पडतो. येथे निर्णय योग्य की अयोग्य, हा प्रश्न पुष्कळदा नंतरचा ठरला. गाऱ्हाणे कोठे, कोणापुढे आणि कोणत्या भाषेत मांडावयाचे, हा त्याच्या आधीचा प्रश्न होता.

कल्याणचा वारसा : लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण ही उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी होय. विक्रमादित्य (सहावा – कार. १०७६–११२६) याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका येथेच रचली. आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त अशा तीन अध्यायांत विभागलेल्या त्या स्मृतीतील व्यवहाराध्यायावरचे तिचे विवेचन पुढे सर्वाधिक प्रभावी ठरले. वडिलार्जित मिळकतीत पुत्राला जन्मतःच हक्क प्राप्त होतो, हा तिचा सिद्धांत. ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी तो स्वीकारल्यामुळे बंगाल-आसामकडील दायभाग पद्धतीचा प्रदेश वगळता भारतातील बहुतेक हिंदू कुटुंबांच्या वाटण्या मिताक्षरेनुसार होऊ लागल्या. मुलीला या जन्मसिद्ध हक्कात स्थान नव्हते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू उत्तराधिकार अधिनियमात दुरुस्ती करून ते दिले. केंद्राने २००५ मध्ये तसाच बदल केला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मुलीला जन्मानेच मिळत असल्याचे स्पष्ट केले. टीका लिहिली गेल्यापासून एवढ्या दुरुस्तीस नऊ शतके लागली. गावोगावी ‘हक्कसोडपत्रा’वर बहिणींच्या सह्या आजही घेतल्या जातात, हे पाहता कायद्याचा बदल व व्यवहाराचा बदल या दोन वेगळ्या घटना मानाव्या लागतात.

मिताक्षरेनंतर सु. अर्धशतकाने त्याच नगरीत कलचुरी राजा बिज्जल याच्या सेवेत असताना बसवेश्वरांनी निराळ्या न्यायाचा पुरस्कार केला. श्रमालाच पूजा मानणारा कायक आणि मिळकतीचा समाजासाठी विनियोग सांगणारा दासोह, हे त्यांच्या शिकवणुकीचे दोन आधार होत. वीरशैव परंपरेनुसार चर्मकार हरळय्या व ब्राह्मण मधुवरस या दोघा शरणांनी आपल्या मुलांचा विवाह ठरविला. शास्त्रदृष्ट्या तो प्रतिलोम असल्यामुळे राजाने दोघाही पित्यांना देहदंड दिला आणि त्यातून कल्याणमध्ये उत्पात घडला. परंपरेतील तपशिलांविषयी मतभेद असले, तरी कथेचा आशय स्पष्ट आहे : राजाने दिलेला दंड शास्त्राला धरून होता आणि तरीही तो अन्याय होता. लातूर व नांदेड जिल्ह्यांत लिंगायत समाजाची वस्ती मोठी असल्यामुळे ही कथा या भागात आजही सांगितली जाते.

नांदेड व शीख न्यायपरंपरा : शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे नांदेड येथील वास्तव्य अल्पकाळाचे होते, तथापि ते एका न्यायाच्या मागणीशी निगडित आहे. शपथेवर दिलेले अभयवचन मोडून मोगल सैन्याने हल्ला केल्याबद्दल त्यांनी औरंगजेबास उद्देशून जफरनामा हे फार्सी पद्यमय पत्र लिहिले. सरहिंदचा फौजदार वजीरखान याने त्यांच्या दोन धाकट्या मुलांना ठार मारले होते. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर (१७०७) त्यांनी बहादुरशाहाशी संबंध ठेवले व त्याच्या सैन्याबरोबर ते दक्षिणेत आले. वजीरखानाविरुद्ध बादशहाकडून दाद मिळेल, ही अपेक्षा त्यामागे होती. ती फलद्रूप झाली नाही. नांदेड येथे त्यांना माधोदास बैरागी भेटला. बंदा बहादूर या नावाने त्याला त्यांनी पंजाबात पाठविले आणि १७१० मध्ये सरहिंद पडले. त्यापूर्वीच, ऑक्टोबर १७०८ मध्ये, नांदेड येथे गुरूंचे निधन झाले होते. आपल्यानंतर देहधारी गुरू नसून ग्रंथच गुरू होय, ही त्यांची आज्ञा न्यायाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. कारण अंतिम अधिकार व्यक्तीकडून वचनाकडे गेला आणि निर्णय करण्याचे काम पंथाकडे, म्हणजे समुदायाकडे आले.

महाराजा रणजितसिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बांधविलेले तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. मर्यादेचा भंग करणाऱ्यास येथून तनखा म्हणजे धार्मिक दंड सुनावला जातो. पादत्राणे सांभाळणे, लंगरमधील भांडी घासणे, पाठ करणे अशी त्याची रूपे असतात. दोषी व्यक्तीला बाहेर घालविण्याऐवजी सर्वांच्या पायांशी सेवेला बसवून पुन्हा संगतीत घेणे, हा त्यामागील विचार होय. गुरुद्वाऱ्याच्या लौकिक कारभारासाठी मात्र १९५६ मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. श्रद्धेचा निर्णय तख्ताकडे आणि जमीन, उत्पन्न व मंडळ यांविषयीचे वाद न्यायालयाकडे, अशी वाटणी त्यामुळे झाली. प्रत्यक्षात ही सीमारेषा नेहमीच स्पष्ट राहिलेली नाही.

गावाचा निवाडा : बहमनी काळापासून अठराव्या शतकापर्यंत दख्खनमधील बहुतेक वाद गावात किंवा परगण्यात तुटत. हुद्देदार, काझी, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी व बलुतेदार यांच्या सभेपुढे वादी-प्रतिवादी आपापल्या तकरीरा मांडीत आणि निर्णयाचा महजर तयार होई. त्यावर नांगर, तराजू, आरसा यांसारखी आपापल्या व्यवसायाची निशाणे उमटवून निरक्षर बलुतेदारही साक्षी होत. जिंकणाऱ्याने हरकी आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावयाची असल्यामुळे निवाड्यातून सरकारला दुहेरी उत्पन्न मिळे. पुरावा अपुरा पडल्यास दिव्य करीत. रवादिव्यात उकळत्या तेलतुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा असे. मग हातावर पिशवी बांधून मोहर करीत व काही दिवसांनी जखम तपासून निर्णय देत. धर्मविषयक वाद गोदावरीच्याच काठी असलेल्या पैठणच्या ब्रह्मसभेपुढे जात.

या पद्धतीची प्रशंसा करण्याचा मोह अनेक अभ्यासकांना झाला आहे. ती जवळची होती, स्वस्त होती आणि पक्षकारांच्या भाषेत चाले, हे खरेच. परंतु तिच्यात प्रत्येकाचा आवाज त्याच्या वतनाएवढा असे. गावाच्या शिवेच्या वादात महाराची साक्ष निर्णायक मानीत, कारण शीव राखणे हे त्याचे वतनी काम होते. त्याच महाराला स्वतःच्या वेठीविरुद्ध त्याच सभेपुढे कोणती दाद मागता येणार होती, याचा विचार प्रशंसकांनी क्वचितच केला आहे.

जातपंचायतींचा निवाडा याहून अधिक बंदिस्त होता. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. जनावरांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध असून भटक्या जमातींच्या पंचायतीही तेथे बसत आल्या आहेत. फिरस्त्या लोकांना वर्षातून एकदा एकत्र येण्याचे ते ठिकाण असल्यामुळे काडीमोड, देणेघेणे, कुरापती यांचा निकाल तेथे लागे. बहिष्कृत करणे हे या पंचायतींचे अंतिम शस्त्र होय. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध संमत केलेला आणि २०१७ मध्ये अंमलात आलेला कायदा या शस्त्रालाच गुन्हा ठरवितो.

निजामी न्यायव्यवस्था : हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगाने १८५३ नंतर कारभाराची पुनर्रचना केली. १८६५ मध्ये जिल्हाबंदी सुरू झाली व मुन्सिफापासून वरिष्ठ न्यायालयापर्यंतची श्रेणी क्रमाने उभी राहिली. महसूल व न्याय ही खाती १९२१ मध्ये विभक्त करण्यात आली. ब्रिटिश हिंदुस्थानात राष्ट्रीय चळवळ जी सुधारणा दीर्घकाळ मागत होती, ती येथे एका फर्मानाने झाली, ही गोष्ट निःसंशय गौरवाची आहे. परंतु त्याच संस्थानात ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकान्वये पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा घेता येत नसे. शिवाय संस्थानचा मोठा भाग जहागिरी, पायगा व निजामाची खाजगी मालमत्ता असलेल्या सर्फेखास मुलखात विभागलेला होता. जहागिरीतील रयतेचा ज्याच्याशी तंटा, त्याच्याच कचेरीत तिला प्रथम उभे राहावे लागे. ही व्यवस्था १९४९ मध्ये जहागिरी रद्द होईपर्यंत टिकली.

भाषेचा अडसर याहून व्यापक होता. न्यायालयांची भाषा प्रथम फार्सी व १८८० नंतरच्या दशकात उर्दू झाली. मराठवाड्यातील बहुसंख्य शेतकरी मराठी बोलत. आपल्या दाव्यात काय लिहिले आहे, हे वकिलाने किंवा अर्जनविसाने सांगेल तेवढेच त्यांना कळे. फिर्याद, कैफियत, जबानी, तारीख, पेशी हे शब्द या मार्गाने खेड्यांत रुजले. ज्या भाषेत शिक्षा झाली, तिचे शब्द पाठ होतात. तिच्यातील कागद मात्र वाचता येत नाही. इनाम जमिनींच्या वादांत निजामकाळातील मुंतखब व अन्य दस्तऐवज पुढे आले की उर्दू वाचणारा जाणकार आजही शोधावा लागतो. जिल्हा व तालुका न्यायालयांच्या कामकाजासाठी मराठीचा वापर व्हावा, यासाठीची राज्याची अधिसूचना १९९८ मध्ये निघाली. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच राहिली.

संस्थानाच्या अखेरीस न्यायाचे प्रश्न सर्वांत तीव्र झाले. रझाकार संघटनेचा नेता कासिम रझवी हा लातूर येथे वकिली करीत होता, ही बाब विसरता येण्यासारखी नाही. नांदेड जिल्ह्यात बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढील दोन वर्षांत खेड्यांवरील हल्ले, लूट व स्थलांतर यांनी कायद्याचे राज्य नाममात्र उरले. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर काही भागांत सूडाची लाट उसळली व मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे म्हणून नोंदविले. संस्थानातील बळींची संख्या तिने २७ ते ४० हजारांच्या दरम्यान अंदाजिली. लातूर शहरात सु. दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार मागे राहिले होते व हजाराहून अधिक मारले गेले होते, असे तिचा अहवाल सांगतो. तो अनेक दशके अप्रकाशित राहिला. मुक्तिसंग्रामाच्या मराठी इतिहासात रझाकारांच्या अत्याचारांची नोंद गावनिहाय सापडते. या दुसऱ्या प्रकरणाला मिळालेली जागा अगदी अल्प आहे. मृतांच्या नातलगांना त्याविषयी दाद मागण्याचे ठिकाणही फारसे नव्हते.

रझवीवर मात्र खटला झाला. विशेष न्यायाधिकरणाने त्यास बीबीनगर येथील दरोड्याच्या प्रकरणी दोषी ठरविले. नेहमीची फौजदारी कार्यपद्धती डावलल्याने समानतेच्या मूलभूत हक्काचा भंग होतो, असा आक्षेप त्याच्या वतीने घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये तो बहुमताने फेटाळला. तथापि ज्याने कायदा पायदळी तुडविला त्याचाही आक्षेप नव्या प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च पीठाने सविस्तर ऐकला. शिक्षा भोगून १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला.

न्यायालयाचे अंतर : राज्यपुनर्रचनेने १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. मराठी मुलूख एकत्र आल्याचे समाधान मोठे होते, परंतु नांदेडच्या पक्षकाराचे उच्च न्यायालय त्यामुळे दूर गेले. हैदराबाद सु. २७५ किमी. वर होते, मुंबई साडेपाचशे किमी.हून अधिक. मीटरमापी गाडीने मनमाडला जावयाचे, तेथे गाडी बदलावयाची आणि अनोळखी शहरात तारीख पुढे गेली की परत फिरावयाचे, असा हा प्रवास असे. विदर्भाला नागपूरचे खंडपीठ लाभले होते. मराठवाड्याला तसे काही मिळाले नव्हते. दीर्घ मागणीनंतर ऑगस्ट १९८१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती वि. स. देशपांडे यांनी न्यायाधीशांनी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथेही बसावे, असा आदेश काढला. त्यास आव्हान दिले गेले व उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो वैध मानला आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले.

विद्यापीठ, गायरान आणि प्रतिष्ठा : मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्याच्या विरोधाचे पर्यवसान दलित वस्त्यांवरील हल्ल्यांत झाले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी येथील पोचीराम कांबळे आणि सुगाव येथील जनार्दन मवाडे यांची हत्या झाली. शहरात नावाचा वाद होता. खेड्यात त्याच्या आड जमीन, मजुरी व नाकारलेली वेठ यांचा राग होता. गायरानावर पीक घेणारी भूमिहीन कुटुंबे या रागाची पहिली बळी ठरली. दादासाहेब गायकवाड यांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून (१९५९ व १९६४) ही जमीन आपल्या नावे व्हावी, अशी त्यांची मागणी होती. शासनाने १९९१ मध्ये १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय केला, परंतु कसणाऱ्याजवळ कसत असल्याचा कागद क्वचितच होता. विद्यापीठाच्या नावासाठी नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

वाटपाचा न्याय : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतर गावे झोपी गेली असता, औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. सु. आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. माती-दगडांचे जाड वाडे अधिक घातक ठरले. धनवान व निर्धन यांत भूकंपाने भेद केला नाही. पुनर्वसनाने तो केला. जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या धारकांस २५० चौ. फुटांचे, सात हेक्टरांपर्यंत ४५० चौ. फुटांचे व त्यापुढे ७५० चौ. फुटांचे घर देण्यात आले. मोठ्या शेतकऱ्यास जनावरे, धान्य व अवजारे यांसाठी जागा अधिक लागते, हे या श्रेणीचे समर्थन. ते निराधार नव्हते. पण मजुराचे कुटुंब लहान असते, असे त्यातून गृहीत धरले गेले. आणि जुन्या गावातील उतरंड नव्या गावच्या आराखड्यावर शासनाच्या मोहरेनिशी उमटली.

पाण्याच्या बाबतीत हाच प्रश्न प्रतिवर्षी उद्भवतो. लातूर शहरात मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लागू करावे लागले. एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणले गेले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आले. (पंढरीच्या वारकऱ्यांना लातूरहून नेणारा बार्शी लाइट रेल्वेचा जुना मार्ग तो हाच, रुंदमापी झालेला.) नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचा वाद दोन राज्यांत झाला. बंधाऱ्याची क्षमता २·७४ अब्ज घनफूट. तो श्रीरामसागर (पोचमपाड) जलाशयाच्या फुगवट्यात असल्यामुळे आंध्र प्रदेशाने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा केला. महाराष्ट्राचा आधार १९७५ च्या करारावर होता. त्यानुसार पैठण धरणाखालील क्षेत्रात नव्या वापरासाठी त्यास ६० अब्ज घनफूट पाणी मिळावयाचे होते. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने बंधारा ठेवण्यास अनुमती दिली. अट अशी की, १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत त्याची दारे उघडी राहावीत आणि दर वर्षी १ मार्च रोजी ०·६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा दारे उघडी असतात. ती बंद होतात तेव्हा पूर ओसरलेला असतो.